दाब आणि तापमान, दोन्ही प्रकाशावरून मोजायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डायमंड अँव्हिल सेलमध्ये (दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणाऱ्या उपकरणात) १० गिगापास्कलपर्यंत दाब आणि खोलीच्या तापमानापासून २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान एकत्र मोजायचं आहे. आजवर दाबासाठी माणिक वापरलं. आता एर्बियम आणि यिटर्बियम (दोन्ही दुर्मिळ मृदेची मूलद्रव्यं) टाकलेली सोडियम इट्रियम फ्लोराइडची पूड घेतली, तर एकाच कणाकडून दोन्ही आकडे काढता येतील का? आणि शोधनिबंधांत संवेदनशीलतेचे जे मोठमोठे आकडे दिसतात, ते किती मनावर घ्यायचे?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. एका कणाकडून दोन्ही मागू नका. दाब काढायचा तो वर्णपटातल्या एखाद्या बारीक रेषेच्या सरकण्यावरून, आणि ती रेषा अशी निवडा की तिला तापमानाचं सोयरसुतक नसेल. तापमान काढायचं ते दोन ऊर्जापातळ्यांवरून येणाऱ्या प्रकाशाच्या तेजाच्या गुणोत्तरावरून, आणि दाबाचा त्या गुणोत्तरावर किती परिणाम होतो हे स्वतः तपासून. तुमच्या पट्ट्यासाठी माझी निवड: दाबाला समेरियम टाकलेलं स्ट्रॉन्शियम टेट्राबोरेट, तापमानाला तुम्ही म्हणता तीच एर्बियम–यिटर्बियमची पूड. दोघांचे कण वेगळे, पण शेजारीशेजारी.

माणिकापासून सुरुवात करू, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फोरमन, पियरमारिनी, बार्नेट आणि ब्लॉक यांनी माणिकाच्या लाल रेषेवरून दाब मोजता येतो हे दाखवलं, आणि तेव्हापासून उच्चदाबाच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत ते आहे. (माणिकात चमकतो तो क्रोमियम, म्हणजे ते दुर्मिळ मृदेच्या कुळातलं नाही, पण तुलना त्याच्याशीच होणार.) त्याची मुख्य रेषा साधारण ६९४.२ नॅनोमीटरवर असते आणि दर गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर लालकडे सरकते. पण तापमान वाढलं तरीही ती लालकडेच सरकते, दर केल्विनला सुमारे ०.००६८ नॅनोमीटर. भागाकार करून पाहा: ५४ केल्विनची वाढ आणि १ गिगापास्कलची वाढ माणिकाला सारखीच दिसते. तुम्ही सेल २५० अंशांवर नेलात, तर निव्वळ तापण्याने ४ गिगापास्कलएवढं सरकणं येतं. तापमान अचूक माहीत असेल तर ते वजा करता येतं, पण त्यात ५ केल्विनची चूक झाली की दाबात ०.१ गिगापास्कलची चूक शिरली. शिवाय गरम झाल्यावर माणिकाच्या दोन्ही रेषा रुंद होऊन एकमेकींत मिसळतात आणि शिखर नेमकं कुठे हे सांगणं अवघड होतं.

दुर्मिळ मृदेचे आयन इथे कामाला येतात ते त्यांच्या रचनेमुळे. त्यांचे ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या भरलेल्या ५एस आणि ५पी कवचांच्या आड असतात. भोवतालच्या जालकाचा (स्फटिकातल्या अणूंच्या जाळीचा) धक्का त्यांना लागतो, पण पुरता नाही. म्हणून रेषा बारीक राहतात आणि जवळजवळ ठरलेल्या जागी येतात. दाबाने बंध आखूड झाले, आयन आणि शेजारी यांच्यातली इलेक्ट्रॉनची वाटणी वाढली, की पातळ्यांमधलं अंतर किंचित घटतं आणि रेषा लालकडे जाते. तापमानाचं तसं नाही. त्याने फोनॉनांची, म्हणजे जालकाच्या कंपनांच्या पुंजांची, संख्या वाढते आणि जालक फुगतंही. या दोन गोष्टी रेषेला कधी एकाच दिशेला ओढतात, कधी विरुद्ध. विरुद्ध ओढल्या आणि ओढ जुळली, तर रेषा तापमानाने हलतच नाही.

समेरियम-बोरेटमध्ये नेमकं हेच घडतं. द्विसंयोजी समेरियमची शून्य-ते-शून्य संक्रमणाची रेषा ६८५.४ नॅनोमीटरवर येते. दोन्ही पातळ्यांचा एकूण कोनीय संवेग शून्य असल्याने जालकाचं क्षेत्र त्यांना फोडू शकत नाही. म्हणून रेषा एकच, एकटी. ती दर गिगापास्कलला ०.२५५ नॅनोमीटर सरकते, माणिकाहून थोडी कमी. पण तिची रुंदी माणिकाच्या रेषेच्या निम्म्याहून कमी असते, त्यामुळे शिखराची जागा अधिक नेमकी सापडते. आणि तापमानाने होणारं सरकणं? दर केल्विनला साधारण ०.०००१ नॅनोमीटर. तुमच्या सबंध पट्ट्यात सगळं मिळून ०.०२ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ०.१ गिगापास्कलहूनही कमी. माणिकाचे ४ आणि याचे ०.१, एवढ्यावरच निर्णय व्हायला हरकत नाही.

हे संयुग बनवायला घाबरू नका. समेरियम एरवी त्रिसंयोजी राहणं पसंत करतो आणि त्याला द्विसंयोजी करायला हायड्रोजनचं वातावरण लागतं. पण या बोरेटच्या चतुष्फलकांच्या घट्ट जाळ्यात तो हवेतल्या भट्टीतही द्विसंयोजी होतो. थोडा त्रिसंयोजी शिल्लक राहिला तर ५६०, ६०० आणि ६४५ नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-लाल पट्टे दिसतील. ते ६८५ च्या वाटेत येत नाहीत. समेरियम टाकलेल्या इट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटचाही पर्याय सुचवला जातो आणि तापमानाच्या बाबतीत तोही शांत आहे. पण त्याच्या कामाच्या रेषा ६१६ ते ६१८ नॅनोमीटरवर असतात. ५३२ च्या हिरव्या लेझरने उद्दीपित केलंत, तर हिऱ्याचा दुसऱ्या क्रमाचा रामन पट्टा (हिऱ्यात विखुरताना रंग बदललेला लेझरप्रकाश) साधारण ६०० ते ६२० मध्ये पसरतो आणि रेषा त्याच्यावर बसतात. करता येतं, पण उगाच डोकेदुखी.

आता तापमान. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्सुआ ओझेल यांनी १९६६ मध्ये यिटर्बियमकडून एर्बियमकडे ऊर्जा चढवून अवरक्त प्रकाशातून हिरवा प्रकाश मिळतो हे दाखवलं, आणि तुम्ही वापरू पाहता ती पूड त्याच साखळीवर चालते. ९८० नॅनोमीटरचा लेझर यिटर्बियम शोषतो, तो दोनदा एर्बियमला ऊर्जा देतो, आणि एर्बियम दोन शेजारच्या पातळ्यांवरून हिरवा प्रकाश सोडतो: वरच्या पातळीचा पट्टा ५२५ च्या आसपास, खालचीचा ५४५ च्या आसपास. दोन पातळ्यांमधलं अंतर सुमारे ७५० प्रति सेंटीमीटर (वर्णपटात ऊर्जा याच एककात मोजतात). त्यांच्यात ऊर्जेची देवघेव इतकी वेगात होते की दोघींतली वाटणी बोल्ट्झमनच्या नियमाने, म्हणजे हे अंतर आणि तापमान यांवरून, ठरते. वरच्या पट्ट्याच्या तेजाला खालच्याने भागून येणाऱ्या गुणोत्तराचा लॉगरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख सरळ रेषा येतो, आणि तिच्या उतारात हेच अंतर असतं. उतारावरून निघालेलं अंतर आणि वर्णपटात शिखरांच्या जागांवरून निघालेलं अंतर जुळत नसेल, तर कॅलिब्रेशन पुढे नेऊ नका. काहीतरी बिघडलेलं आहे.

संवेदनशीलतेच्या आकड्यांबद्दल आता बोलतो, कारण या विषयात सर्वांत जास्त फुगवटा इथेच दिसतो. अशा जोडीची सापेक्ष संवेदनशीलता म्हणजे पातळ्यांमधलं अंतर भागिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमानाचा वर्ग. बस, एवढंच. त्यात पूड कशी बनवली, कण किती नॅनोमीटरचे, पृष्ठभागावर काय लावलं, यातलं काहीही येत नाही. एर्बियमच्या या जोडीला ३०० केल्विनवर १.२ टक्के प्रति केल्विन मिळणार आणि ५२३ केल्विनवर ०.४ टक्के, यजमान स्फटिक (ज्यात आयन टाकले तो) बदलला तर आकडा किंचित हलेल, इतकंच. म्हणून नवा यजमान स्फटिक शोधून '१.२५ टक्के' जाहीर करण्यात फारसं काही सिद्ध होत नाही. उलट कुणी ५ किंवा ८ टक्के लिहिले असतील, तर ते बहुधा दोन वेगळ्या आयनांच्या तेजाचं गुणोत्तर असतं, ज्यातला एक तापल्यावर विझत जातो. ते गुणोत्तर लेझरची शक्ती, टाकलेल्या आयनांचं प्रमाण, पूड जुनी होणं, सगळ्यावर हलतं. अशा संवेदकाला रोज नव्याने कॅलिब्रेट करायची तयारी असेल तरच घ्या.

तुम्हाला हवी आहे ती अनिश्चितता, आणि ती काढायला सोपी आहे: गुणोत्तरातली टक्केवारीची चूक भागिले संवेदनशीलता. गुणोत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत नेमकं काढलंत तर खोलीच्या तापमानाला ०.४ केल्विन आणि २५० अंशांना सुमारे १.३ केल्विन. मग अंतर मोठं असलेली जोडी घेऊन संवेदनशीलता वाढवता येईल, असं वाटेल. पण अंतर वाढलं की वरची पातळी रिकामी राहते, तिचा प्रकाश मंदावतो आणि गुणोत्तरातली चूक वाढते. हा तोल साधणारं अंतर औष्णिक ऊर्जेच्या दुपटीपासून साधारण ३.४ पटीपर्यंत असावं, असा हिशोब सुटा आणि मेयरिंक या संशोधकांनी मांडला आहे. ३०० केल्विनला ते ४१७ ते ७११ प्रति सेंटीमीटर येतं, ५२३ केल्विनला ७२७ ते १२४०. एर्बियमचे ७५० या दोन्हींच्या सीमेवर बसतात. तुमच्या पट्ट्यासाठी याहून सोयीची जोडी शोधत बसू नका.

एर्बियमला अवरक्ताऐवजी थेट ४८८ च्या निळ्या लेझरने उद्दीपित केलं तर एक लेझर वाचेल, हा विचार तुमच्याही मनात आला असेल. हिऱ्यांच्या सेलमध्ये हे करू नका. हिऱ्याची पहिल्या क्रमाची रामन रेषा १३३२ प्रति सेंटीमीटरवर असते. ४८८ पासून मोजली तर ती ५२२ नॅनोमीटरवर येते, म्हणजे थेट तुमच्या वरच्या पट्ट्याच्या डोक्यावर. तिच्यामुळे गुणोत्तर वाढेल आणि सेल आहे त्याहून गरम दिसेल. ९८० च्या उद्दीपनाने हा प्रश्नच उरत नाही: हिऱ्याचा रामन प्रकाश अवरक्तात जातो, हिऱ्यातल्या दोषांची चमक जागीच होत नाही, आणि हिरव्या भागात पार्श्वभूमी जवळजवळ शून्य मिळते. हिऱ्यांच्या सेलमध्ये ऊर्ध्व-रूपांतरणाचं (कमी ऊर्जेच्या प्रकाशातून जास्त ऊर्जेचा प्रकाश मिळवण्याचं) खरं मोल मला यात दिसतं, संवेदनशीलतेत नाही.

पण ९८० चा लेझर स्वतः दोन खोड्या करतो, आणि त्या एकमेकींना झाकतात. पहिली सगळ्यांना माहीत असते: लेझर कणाला तापवतो, गुणोत्तर वाढतं. दुसरी कमी लोक पाहतात. शक्ती वाढवली की तिसऱ्या फोटॉनने एर्बियम आणखी वरच्या पातळीवर पोहोचतो आणि तिथून ५५५ ते ५६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सोडतो. तो खालच्या हिरव्या पट्ट्याच्या शेपटीत मिसळतो, गुणोत्तराचा छेद वाढतो आणि गुणोत्तर घटतं. म्हणजे एक चूक तापमान वाढवून दाखवते, दुसरी घटवून. शक्ती बदलली तरी गुणोत्तर हललं नाही म्हणून निर्धास्त राहिलात, तर दोन्ही हजर असूनही दिसणार नाहीत. म्हणून खालच्या पट्ट्याची बेरीज ५५२ च्या जवळ थांबवा आणि त्यापलीकडचा भाग वेगळा मोजा. शक्ती वाढवत नेताना तो भाग मुख्य पट्ट्यापेक्षा वेगाने वाढत असेल, तर तिसरा फोटॉन कामाला लागला आहे. नंतर चार-पाच वेगवेगळ्या शक्तींवर गुणोत्तर घेऊन शून्य शक्तीकडे रेषा वाढवा. जो आकडा येईल तो तुमचा.

तापण्याच्या बाबतीत सेलमध्ये आणखी एक गंमत आहे. हिरा तांब्याहून कितीतरी चांगला उष्णतावाहक आहे. हिऱ्याच्या तळाला टेकलेला कण लेझरखाली जवळपास तापतच नाही, पण नमुन्याभोवती दाब सारखा पसरवणाऱ्या द्रव माध्यमात मध्येच तरंगणारा तसाच कण बराच तापू शकतो. एकाच भरणीतले दोन कण वेगळं तापमान सांगत असतील, तर आधी ते कुठे बसलेत ते सूक्ष्मदर्शकातून पाहा. गुणोत्तराला दोष देण्याआधी हे केलंत तर बराच वेळ वाचेल.

पूड कोणती, हाही भाग महत्त्वाचा. षटकोनी प्रावस्थेचं सोडियम इट्रियम फ्लोराइड घ्या. घनाकृती (क्यूबिक) प्रावस्था बरीच फिकी चमकते. नेहमीचं प्रमाण यिटर्बियम १८ ते २० टक्के, एर्बियम २ टक्के. यात कल्पकता दाखवायला जागा नाही. नॅनोकणांचा मोह टाळा. ओलेइक आम्लात वाढवलेल्या कणांवर जो सेंद्रिय थर असतो, तो २५० अंशांच्या पुढेमागे बिघडू लागतो, आणि तुमची वरची मर्यादा तिथेच आहे. काही मायक्रोमीटरचे नागडे स्फटिक तुमच्या कामाला बरे: जास्त उजळ आणि पृष्ठभागाच्या कटकटी कमी. याच्या फोनॉनांची ऊर्जा ३५० प्रति सेंटीमीटरच्या आसपास असल्यामुळे ऊर्जा उष्णतेत वाया जात नाही, तरीही ७५० चं अंतर दोन-तीन फोनॉनांत ओलांडता येतं, म्हणून बोल्ट्झमनची वाटणी टिकते. पुढे कधी ६०० अंशांवर जायचं ठरलं, तर इट्रियमच्या ऑक्साइडकडे किंवा व्हॅनेडेटकडे वळा.

आता दाबाचा गुणोत्तरावरचा परिणाम, ज्याकडे बहुतेक जण काणाडोळा करतात. दाबाने एर्बियमच्या दोन पातळ्यांमधलं अंतरही थोडं बदलतं आणि दोन्ही पट्ट्यांच्या संक्रमणाची शक्यताही. समजा ७५० चे ७३५ झाले, म्हणजे २ टक्के. वातावरणीय दाबाचं कॅलिब्रेशन तसंच वापरलंत तर ५२३ केल्विनला सुमारे १० केल्विनची चूक. म्हणून प्रत्येक दाबावर गरम करण्यापूर्वी, सेलचं तापमान थर्मोकपलने नक्की माहीत असताना, गुणोत्तर एकदा नोंदवा आणि पुढची सगळी गुणोत्तरं त्याच्याशी भागा. यामुळे संक्रमणांच्या शक्यतेतला बदल गळून जातो आणि उरते फक्त अंतरातल्या बदलाची चूक, वरच्या उदाहरणात ७ ते ८ केल्विन. तीही घालवायची तर दोन्ही पट्ट्यांच्या शिखरांच्या जागा त्या दाबावर मोजा आणि नवं अंतर सूत्रात टाका. सेल गरम करताना गास्केट (हिऱ्यांमधली, नमुना धरून ठेवणारी धातूची चकती) सैल होऊन दाब हलतो, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून प्रत्येक तापमानाला आधी समेरियमची रेषा, मग एर्बियमचं गुणोत्तर, मग पुन्हा समेरियम. शेवटी सेल थंड करून सुरुवातीचं गुणोत्तर परत मिळतं का ते पाहा.

दोन्ही लेझर एकदम लावू नका. समेरियमसाठी जांभळा किंवा निळा, एर्बियमसाठी ९८०, आळीपाळीने. समेरियम ९८० ला दाद देत नाही, त्यामुळे हिरवं गुणोत्तर स्वच्छ मिळतं. उलट बाजूने थोडी भेसळ होते: निळ्या प्रकाशाने एर्बियमही चमकतो आणि त्याचा लाल पट्टा ६५० ते ६७० नॅनोमीटरमध्ये येतो. पण समेरियमची रेषा दाबाने ६८५ वरून ६८८ कडे, म्हणजे त्याच्यापासून दूरच जाते. तरीही दोन कण निदान काही मायक्रोमीटर अंतरावर ठेवा आणि लेझरचा ठिपका एकावरच पडेल असं पाहा. फार दूरही नको, कारण नमुन्याच्या कोठीत दाब सगळीकडे सारखा असेलच असं नाही. माध्यम म्हणून मिथेनॉल आणि इथेनॉल यांचं ४:१ मिश्रण सुमारे १० गिगापास्कलपर्यंत द्रवस्थिती टिकवतं, म्हणजे तुम्ही खोलीच्या तापमानाला अगदी कडेवर आहात. सिलिकॉन तेल त्याच्या बरंच आधी ताठर होतं. निऑन किंवा हीलियम भरण्याची सोय असेल तर प्रश्नच मिटला. समेरियमची एकटी रेषा रुंदावू लागली तर दाब असमान झाला आहे असं समजा, मग त्या भरणीतले पुढचे आकडे जपून वापरा.

उपकरणाच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो. समेरियमसाठी तरंगलांबीचं कॅलिब्रेशन रोज करा, निऑन दिव्याने: ६७१.७० आणि ६९२.९५ नॅनोमीटरच्या रेषा तुमच्या रेषेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. ०.०२ नॅनोमीटरची चूक म्हणजे ०.०८ गिगापास्कल, आणि खोलीचं तापमान बदललं की स्पेक्ट्रोमीटर तेवढा सहज सरकतो. एर्बियमसाठी तरंगलांबीपेक्षा तेजाचा प्रतिसाद महत्त्वाचा. ५२५ आणि ५५० मध्ये तुमचा मार्ग किती प्रकाश पास करतो, हे टंगस्टन दिव्याने, सेल जागेवर ठेवून मोजा. सूक्ष्मदर्शकाचं भिंग दोन्ही रंगांना एकाच प्रतलात आणत नसेल, तर केंद्रबिंदू थोडा सरकला तरी गुणोत्तर बदलतं. ठिपका थोडा खालीवर करून ते बदलतं का ते पाहून घ्या.

इतर वापरांसाठी जोड्या वेगळ्या. टर्बाइनच्या पात्यांवर किंवा ज्वलनकक्षात डिस्प्रोशियम टाकलेलं इट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट १७०० केल्विनच्या आसपासपर्यंत चालतं. ऊतींमध्ये निओडिमियम बरा, कारण त्याला ८०८ नॅनोमीटरचं उद्दीपन पुरतं आणि ९८० च्या तुलनेत पाणी ते फारच कमी शोषतं. निर्वात मोजण्याचीही एक चतुर रीत आहे: लेझरने मुद्दाम तापवलेल्या पुडीभोवतीचा वायू विरळ होत गेला की तिची उष्णता बाहेर जात नाही, ती अधिक तापते, आणि गुणोत्तरावरून वायूचा दाब कळतो. म्हणजे तुम्हाला ज्या लेझर-तापण्याचा त्रास होतो, तेच तिथे मोजमाप आहे. तुमच्या सेलला यातलं काही लागणार नाही.

समेरियम-बोरेट हाताशी येईपर्यंत थांबायचं नसेल, तर माणिकच ठेवा आणि एर्बियमचं तापमान त्याच्या दुरुस्तीसाठी वापरा. गुणोत्तरातून तापमान १.५ केल्विनपर्यंत मिळालं, तर माणिकाच्या दाबातली तापमानामुळे येणारी चूक ०.०३ गिगापास्कलवर येते. मग मर्यादा ठरवेल ती माणिकाची रुंदावलेली रेषा. तिच्यावर दोन शिखरांचं फिटिंग करा, एकाचं नाही.